संगणकशास्त्रातल्या संशोधकाचा प्रभाव आणि सहकार्य कसं मोजायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली कित्येक वर्षं माझं रोजचं काम हेच आहे: संगणकशास्त्रातल्या संशोधकांच्या पेपरांच्या याद्या नीट लावायच्या, सायटेशन मोजायची आणि कोण कोणाबरोबर काम करतं याचे नकाशे काढायचे. पीएचडीचे विद्यार्थी, प्राध्यापक, ग्रंथपाल, निवड समित्यांवरची मंडळी, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. आणि माझंही सांगणं एकच असतं: आधी यादी स्वच्छ करा, मग मोजा, आणि मोजून झाल्यावर दहा तरी सायटेशन प्रत्यक्ष उघडून वाचा.

सायटेशन मोजतो म्हणजे नक्की काय मोजतो?

एका पेपरच्या संदर्भसूचीत दुसऱ्या पेपरचं नाव आलं की एक सायटेशन झालं. मोजणी एवढीच साधी आहे. तो उल्लेख कशासाठी झाला, हे त्या आकड्यात कुठेच उतरत नाही.

दोन वाक्यं बघा. पहिलं: 'या समस्येवर आजवर बरंच काम झालं आहे', आणि पुढे चौकटी कंसात नऊ पेपरांचे क्रमांक. दुसरं: 'आम्ही अमक्यांची पद्धत जशीच्या तशी घेतली आणि तिच्यावर आमचा अल्गोरिदम उभा केला', पुढे एकच क्रमांक. मोजणीत या दहाही पेपरांच्या खात्यात सारखंच एकेक सायटेशन जमा होतं. पण पहिल्या वाक्यातले नऊच्या नऊ पेपर काढून टाकले तरी लेखाला धक्का लागत नाही, आणि दुसऱ्या वाक्यातला एक काढला तर लेखच कोसळतो. 'त्यांचा निष्कर्ष आम्हाला पुन्हा मिळाला नाही' असं लिहून केलेला उल्लेखसुद्धा सायटेशनच असतो.

सिमँटिक स्कॉलर ही सेवा उल्लेखाच्या आजूबाजूचा मजकूर तपासून पार्श्वभूमी, पद्धत आणि निष्कर्ष अशी वर्गवारी करते आणि खोलवर वापर झालेली सायटेशन वेगळी दाखवते. ही वर्गवारी मशीनची आहे, त्यामुळे ती चुकतेही. तरी शेकडो सायटेशनमधली आधी कोणती वाचायची, हे ठरवायला मी ती नेहमी वापरते.

बाकीच्या विषयांपेक्षा संगणकशास्त्रात वेगळं काय आहे?

सगळ्यात मोठा फरक म्हणजे परिषदा. बहुतेक विज्ञानशाखांत परिषद ही भेटीगाठींची आणि चर्चेची जागा, आणि खरं प्रकाशन नियतकालिकात. संगणकशास्त्रात अनेक उपशाखांतलं सर्वांत मानाचं प्रकाशन परिषदेतच होतं. तिथे पूर्ण लांबीचा पेपर द्यावा लागतो, दोन-चार परीक्षक तो वाचतात, आणि नावाजलेल्या परिषदांत साधारण चार-पाच पेपरांतला एक स्वीकारला जातो. म्हणून फक्त नियतकालिकं मोजणाऱ्या कुठल्याही पद्धतीत संगणकशास्त्रज्ञ नाहक लहान दिसतो. जीवशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात मुरलेले परीक्षक समितीवर असले की ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकावी लागते.

दुसरं म्हणजे एकाच कामाची अनेक रूपं. आधी आर्काइव्ह (arXiv) या खुल्या संकेतस्थळावर मसुदा, मग कार्यशाळेत छोटा लेख, मग परिषदेत पेपर, आणि वर्ष-दोन वर्षांनी नियतकालिकात विस्तारित आवृत्ती. लोक यातलं हाताला लागेल ते रूप संदर्भात देतात. त्यामुळे सायटेशन फुटतात.

मोजायला बसल्यावर सुरुवात कुठून करू?

यादीपासून. यावर मी वेळ घालवणार आहे, कारण निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात आणि पुढचं कुठलंही गणित त्या सुधारू शकत नाही.

डीबीएलपी उघडा. संगणकशास्त्राची ही ग्रंथसूची जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात मिखाएल लाय यांनी १९९३ साली सुरू केली. आता ती श्लोस डागस्टुल ही संस्था चालवते. तिच्यात सत्तर लाखांहून जास्त नोंदी आहेत. तिचं मोठं बळ म्हणजे नावांची निगा. एकाच नावाचे अनेक लेखक असले की डीबीएलपी प्रत्येकाच्या नावापुढे चार आकडी क्रमांक लावते: वेई वांग ०००१, वेई वांग ०००२, आणि अशी ही रांग लांबच लांब जाते. ज्यांचं नाव घरोघरी सापडतं, त्यांच्याबाबतीत हा क्रमांक न पाहता मोजणं म्हणजे दुसऱ्याचंच पीक कापून आणणं.

उलटी अडचणही तितकीच खरी. एकाच माणसाची नावं अनेक: कधी पूर्ण नाव, कधी फक्त आद्याक्षरं, लग्नानंतर बदललेलं आडनाव, लिपी बदलताना झालेली वेगवेगळी स्पेलिंगं. एका संशोधिकेची यादी माझ्याकडे आली तेव्हा तिची बावीस कामं तीन वेगवेगळ्या प्रोफाइलांत विखुरलेली होती, आणि चौथ्या प्रोफाइलमध्ये तिच्याच नावाच्या एका वैद्यकीय संशोधिकेचे सहा लेख मिसळले होते. आम्ही दोघींनी एकेक नोंद उघडून पाहिली: संस्था कोणती, सहलेखक कोण, विषय जुळतो का. दोन दुपारी गेल्या. त्यानंतर जो आकडा आला तो तिने पहिल्यांदाच मोकळ्या मनाने अर्जात लिहिला.

ऑर्किड नावाची सोळा आकडी ओळख २०१२ पासून मोफत मिळते. ती घ्या आणि पेपर पाठवताना प्रत्येक वेळी द्या. नाव बदललं, संस्था बदलली, तरी हा क्रमांक बदलत नाही.

यादी जमली की एकाच कामाची वेगवेगळी रूपं एकत्र करा. समजा, आर्काइव्हवरच्या मसुद्याला १४, परिषदेतल्या पेपरला २२ आणि नियतकालिकातल्या आवृत्तीला ९ सायटेशन आहेत. बेरीज ४५ होते. पण उल्लेख करणाऱ्या पेपरांची यादी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली तर दोन पेपरांनी मसुदा आणि परिषदेतला पेपर दोन्ही दिलेले आढळतात. म्हणजे प्रत्यक्षात ४३ पेपरांनी हे काम वापरलं. असा फरक एका पेपरला दोनाचा असतो, पण पूर्ण यादीत तो साचत जातो.

गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स यांचे आकडे जुळत का नाहीत?

कारण सायटेशन मोजणाऱ्या या तिन्ही सेवांची जाळी वेगवेगळी विणलेली आहेत. गूगल स्कॉलर २००४ साली आलं. वेबवर विद्वत्तापूर्ण दिसणारं जे सापडेल ते ते उचलतं: प्रबंध, मसुदे, तांत्रिक अहवाल, कधी व्याख्यानाच्या टिपाही. त्यामुळे तिथला आकडा जवळपास नेहमीच सर्वांत मोठा असतो. स्कोपससुद्धा २००४ चंच, एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेचं. ते निवडक नियतकालिकं आणि बऱ्याच परिषदा घेतं. वेब ऑफ सायन्सची मुळं युजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेल्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये आहेत. त्याची निवड सर्वांत कडक आणि कल नियतकालिकांकडे, म्हणून संगणकशास्त्रात तिथला आकडा बऱ्याचदा सर्वांत लहान निघतो.

कोणता खरा, असं विचारू नका. आकड्याबरोबर स्रोत आणि तारीख लिहा, आणि दोन माणसांची तुलना करताना दोघांचे आकडे एकाच स्रोतातून, एकाच दिवशी घ्या. एकाचा गूगल स्कॉलरवरून आणि दुसऱ्याचा स्कोपसवरून घेतलेला आकडा शेजारी मांडलेले तक्ते मी समित्यांच्या कागदांत पाहिले आहेत. त्यावरून झालेल्या निर्णयांत माणसांचं नुकसान होतं, आणि त्यांना ते कळतही नाही.

एच-इंडेक्स हाताने कसा काढायचा?

एच-इंडेक्स होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडला. व्याख्या अशी: ज्या सर्वांत मोठ्या आकड्याइतक्या पेपरांना प्रत्येकी किमान तेवढीच सायटेशन आहेत, तो आकडा म्हणजे एच.

कागद घ्या. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडा. समजा नऊ पेपर आहेत आणि सायटेशन अशी: ४८, ३१, १९, १२, ९, ६, ५, २, ०. आता वरून मोजत या. पाचव्या पेपरला ९ आहेत, पाचापेक्षा जास्त, चालेल. सहाव्याला ६, बरोबर बसलं. सातव्याला ५, सातापेक्षा कमी, इथे थांबायचं. एच झाला ६.

याच यादीशी जरा खेळून बघा. पहिल्या पेपरला उद्या आणखी हजार सायटेशन मिळाली तरी एच सहाच राहतो. पण सहाव्याला एक आणि सातव्याला दोन, अशी नेमक्या जागी फक्त तीन सायटेशन पडली की एच सात होतो. हा निर्देशांक कशाला दाद देतो आणि कशाकडे पाठ फिरवतो, ते या तीन सायटेशनमध्ये पुरतं दिसतं. सातत्याने बरं काम करणाऱ्याचा एच वाढतो. आयुष्यात दोनच पेपर लिहून विषयाची दिशा बदलणाऱ्याचा एच दोनच राहतो.

हिर्श यांनी स्वतःच २०२० साली लिहिलं की आपल्या या निर्देशांकाचे अनपेक्षित आणि गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. ज्याने माप बनवलं त्याचाच हा इशारा आहे, तेव्हा तो मनावर घ्यायला हवा.

आय-टेन आणि जी-इंडेक्स काय असतात?

आय-टेन गूगल स्कॉलर दाखवतं: दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर किती. वरच्या यादीत चार. जी-इंडेक्स लिओ एग्घे यांनी २००६ साली सुचवला: वरच्या जी पेपरांची मिळून सायटेशन जी-च्या वर्गाइतकी किंवा जास्त हवीत. वरच्या यादीत नऊ पेपरांची बेरीज १३२, नवाचा वर्ग ८१, म्हणून जी नऊ. गाजलेल्या एखाद्या पेपरचं वजन त्यात उतरतं. रोजच्या व्यवहारात तो फारसा कोणी विचारत नाही.

माझा एच-इंडेक्स किती असला म्हणजे चांगला?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेकदा काळजी असते, म्हणून सरळ सांगते: उपशाखा आणि संशोधनातली वर्षं सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. एच कधी कमी होत नाही. माणूस निवृत्त झाला तरी तो वाढत राहू शकतो. म्हणून पाच वर्षांच्या संशोधकाची तुलना पंचवीस वर्षांच्या संशोधकाशी होऊच शकत नाही.

हिर्श यांनी वर्षांचा हिशेब धरायला एच भागिले पहिल्या पेपरपासूनची वर्षं असं एक गुणोत्तर दिलं होतं. भौतिकशास्त्रज्ञांसाठी त्यांनी एकाच्या आसपास यशस्वी, दोनच्या आसपास उत्कृष्ट असा अंदाज बांधला. तो उचलून संगणकशास्त्राला लावू नका. आणि बाळंतपण, आजारपण, उद्योगात घालवलेली वर्षं यांमुळे पडलेला खंड भाजकातून वगळा. कुठलीही वेबसाइट ते आपणहून करत नाही.

मशीन लर्निंगवाला आणि सैद्धांतिक संगणकशास्त्रवाला यांची तुलना करता येते का?

कच्च्या आकड्यांवर अजिबात नाही. मशीन लर्निंगमध्ये लिहिणारे प्रचंड, संदर्भसूच्या लांब, आणि पेपर आर्काइव्हवर पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून उल्लेख सुरू. सिद्धांताच्या बाजूला माणसं कमी, संदर्भ मोजके, आणि एक सिद्धता समजून घेऊन पुढे न्यायलाच वर्षं लागतात. तिथे चाळीस सायटेशन मिळालेला पेपर त्या वर्तुळातल्या प्रत्येकाने वाचलेला असू शकतो.

यावर उपाय म्हणजे विषय आणि वर्ष यांच्या सरासरीने भागणं. स्कोपसच्या आधारे काढला जाणारा क्षेत्र-भारित सायटेशन निर्देशांक तेच करतो: त्याच विषयातल्या, त्याच वर्षातल्या, त्याच प्रकारच्या लेखांना सरासरी जितकी सायटेशन मिळतात तितकीच मिळाली तर एक, दुप्पट मिळाली तर दोन. पेपर थोडे असतील तर एकच गाजलेला लेख ही सरासरी आभाळाला नेतो, म्हणून मी त्यापेक्षा शतमक पसंत करते: हा पेपर त्याच्या विषयात आणि वर्षात वरच्या दहा टक्क्यांत बसतो का? हे वाक्य कोणालाही समजतं आणि एका आकड्याने फुगत नाही.

मात्र 'विषय' कसा आखला आहे, ते पाहा. सगळं संगणकशास्त्र एकाच टोपलीत टाकलं असेल तर भागाकाराने काहीच साधत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर लिहू का?

व्यक्तीचं मूल्यमापन असेल तर नको. तो नियतकालिकाचा आकडा आहे: मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली. त्यावरून एका लेखाविषयी काही कळत नाही, आणि परिषदांना तो लागूच होत नाही.

स्वतःच्याच पेपरांचा उल्लेख करणं गैर आहे का?

नाही. एकाच प्रश्नावर दहा वर्षं काम करणाऱ्याने आपलं आधीचं काम सांगायलाच हवं, नाहीतर वाचकाला धागा सापडत नाही. स्व-सायटेशन वेगळी मोजावीत आणि दोन्ही आकडे द्यावेत. मोजताना सहलेखकांनी केलेले उल्लेखही वेगळे काढून पाहा. एखाद्याच्या सायटेशनपैकी बहुतेक जर त्याच्याच पाच-सहा सहलेखकांकडून येत असतील, तर काम त्या गटाबाहेर पोचलेलं नाही एवढं निश्चित कळतं. ते वाईट आहे असं नव्हे. विषय नवा असेल तर सुरुवातीला गट लहानच असतो.

आकडे खोटे फुगवता येतात का?

येतात, आणि किती सहज ते सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकाने २०१० साली दाखवून दिलं. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये सायजेन नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. तो संगणकशास्त्राच्या भाषेत निरर्थक पेपर तयार करायचा. लाबे यांनी त्याच्याकडून सुमारे शंभर पेपर लिहून घेतले, लेखक म्हणून आइक अँटकेअर हे काल्पनिक नाव दिलं, आणि प्रत्येक पेपरात बाकीच्या सगळ्यांचे संदर्भ घातले. गूगल स्कॉलरने ते उचलले. अस्तित्वातच नसलेल्या या माणसाचा एच-इंडेक्स ९४ झाला.

प्रत्यक्षात होणारे प्रकार याहून बारीक असतात: एकमेकांचे पेपर ठरवून संदर्भात घालणारी टोळकी, 'आमचे हे चार पेपर द्या' असं परीक्षण-अहवालात लिहिणारे परीक्षक. खुणा पाहायच्या त्या अशा: एका वर्षात अचानक उडी, उल्लेख करणारे तेच तेच पाच लेखक, एका पेपरात एकाच माणसाचे पंधरा संदर्भ, आणि पेपरच्या विषयाशी संबंध नसलेला उल्लेख. यातली एकच खूण दिसली म्हणून कोणावर ठपका ठेवू नका. उघडून वाचा.

सायटेशन कमी असूनही काम मोठं असू शकतं का?

हो, आणि याची तीन वेगवेगळी कारणं आहेत.

काही कामांना वेळ लागतो. होखराइटर आणि श्मिडहुबर यांचा एलएसटीएम या न्यूरल नेटवर्कच्या प्रकारावरचा पेपर १९९७ चा. बरीच वर्षं त्याचे उल्लेख बेताचेच होते. मोठी माहिती आणि वेगवान हार्डवेअर हाताशी आल्यावर २०१० नंतर ते झपाट्याने वाढले. अनेक संगणकांचं एकमत घडवणाऱ्या पॅक्सॉस या पद्धतीवरचा लेस्ली लॅम्पोर्ट यांचा मूळ पेपर १९९० मध्ये पाठवला गेला आणि छापून आला १९९८ मध्ये. आज वितरित प्रणालींचा अभ्यास त्याच्याशिवाय पुरा होत नाही. २००० साली मोजणाऱ्याला यातलं काय दिसलं असतं?

काही कामं इतकी मुरतात की त्यांचं नाव घ्यायची गरजच वाटत नाही. डाइक्स्ट्रा यांचा लघुतम मार्गाचा अल्गोरिदम १९५९ च्या अवघ्या तीन पानी टिपणात आहे. तो असंख्य प्रणालींत रोज वापरला जातो, पण त्यांतले बहुतेक लेखक ते टिपण संदर्भात देत नाहीत.

आणि काही कामं पेपरच्या रूपात नसतातच. सॉफ्टवेअर, डेटासेट, मानकं. सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या सॉफ्टवेअरचा २०११ चा पेपर भरपूर उद्धृत होतो, कारण त्या मंडळींनी 'हे वापरलंत तर हा पेपर द्या' असं स्पष्ट लिहून ठेवलं. असं न लिहिणाऱ्यांचं काम वापरलं जातं आणि मोजणीतून गळतं. तुम्ही कोड प्रसिद्ध करत असाल तर उल्लेख कसा करायचा ते त्याच्यासोबत एका फाइलमध्ये लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

सहकार्य कसं मोजतात?

सहलेखनाच्या जाळ्यावरून. प्रत्येक संशोधक म्हणजे एक बिंदू, आणि दोघांनी मिळून पेपर लिहिला की त्यांच्यात एक रेषा. डीबीएलपीची यादी हाताशी असेल तर एका व्यक्तीचं जाळं तासाभरात काढता येतं.

पण नुसती रेषा पुरत नाही, तिचं वजन लागतं. दोघांनी मिळून लिहिलेला पेपर आणि तेरा जणांनी लिहिलेला पेपर यांतली ओळख सारखी नसते. मार्क न्यूमन यांनी २००१ मध्ये सुचवलेली रीत मला आवडते: पेपरात जितके लेखक असतील त्यातून एक वजा करायचा, आणि एकाला त्या आकड्याने भागून येईल तितकं वजन त्यातल्या प्रत्येक जोडीला. उदाहरण घ्या. संशोधिकेने एका सहकाऱ्याबरोबर तीन पेपर लिहिले: एक दोघांचा, एक तिघांचा, एक सहा जणांचा. वजन झालं १ अधिक ०.५ अधिक ०.२, म्हणजे १.७. दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर सहा पेपर, पण सगळे तेरा-तेरा लेखकांचे: सहा वेळा एक भागिले बारा, म्हणजे ०.५. नुसते पेपर मोजले तर दुसरा सहकारी दुपटीने जवळचा वाटतो, वजन पाहिलं तर पहिला तिपटीहून जवळचा. दोघांशी बोललात तर खरं चित्र वजनाकडेच झुकलेलं आढळेल, निदान माझा अनुभव तरी तसाच आहे.

न्यूमन यांच्याच अभ्यासात १९९५ ते १९९९ या काळातल्या संगणकशास्त्राच्या एका संग्रहात दर लेखकामागे सरासरी साडेतीनच्या आसपास सहलेखक निघाले होते, आणि उच्च-ऊर्जा भौतिकशास्त्रात १७३. 'सहलेखक किती' हा आकडा विषयाबाहेर नेला की निरर्थक होतो, त्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

जाळं काढलं. आता त्यात बघू काय?

आधी डोळ्यांनी बघा. व्हीओएसव्ह्यूअर किंवा गेफी या जाळी काढायच्या प्रोग्रॅमांत चित्र काढलं की ठिपक्यांचे पुंजके दिसतात: पीएचडीच्या काळातला गट, नंतरच्या संस्थेतला गट, उद्योगातला एखादा. पुंजके कालक्रमाने रंगवा. वीस वर्षं एकाच पुंजक्यात असणं आणि दर पाच वर्षांनी नवा पुंजका उभा करणं, ही दोन वेगळ्या स्वभावांची कारकीर्द आहे. दोन्हींतून उत्तम काम होतं.

मग मध्यस्थता मोजा. बाकीच्या बिंदूंमधल्या सर्वांत जवळच्या वाटांपैकी किती वाटा या व्यक्तीमधून जातात, हे ती सांगते. लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये ती नेमकेपणाने मांडली. डेटाबेसवाल्यांचा आणि भाषाविज्ञानवाल्यांचा असे दोन पुंजके एकाच माणसामुळे जोडलेले असतील, तर त्याची सायटेशन बेताची असूनही मध्यस्थता खूप मोठी निघते. अशी माणसं आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाहीत, नकाशात मात्र लगेच डोळ्यांत भरतात. मला हे सगळं काम ज्या कारणासाठी करावंसं वाटतं, ते हेच आहे.

एक सावधगिरी. सहकार्य आणि सहलेखन एकच नव्हे. ज्याने रात्रभर बसून तुमची सिद्धता तपासली आणि ज्याचं नाव फक्त आभारात आलं, तो या जाळ्यात नाही. प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून सवयीने ज्याचं नाव लागलं, तो आहे.

एर्डोश क्रमांकाचा काही उपयोग आहे का?

मोजमाप म्हणून नाही. पॉल एर्डोश या हंगेरियन गणितज्ञाने सुमारे १५०० लेख लिहिले, पाचशेहून जास्त सहलेखकांबरोबर. त्याच्याशी थेट लिहिलं तर क्रमांक एक, त्याच्या सहलेखकाशी लिहिलं तर दोन, असं पुढे. जाळ्यातलं अंतर म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला समजावून सांगायला मात्र यापेक्षा छान उदाहरण नाही.

लेखकांच्या नावांचा क्रम लक्षात घ्यायचा का?

आधी त्या उपशाखेची रीत विचारा. सैद्धांतिक संगणकशास्त्रात नावं आद्याक्षरांच्या क्रमाने देण्याची जुनी प्रथा आहे. मूळसंख्या ओळखण्याचा प्रसिद्ध अल्गोरिदम मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिला. रोमन वर्णमालेत त्यांची आडनावं त्याच क्रमाने येतात. त्यावरून पहिल्याने जास्त काम केलं असा अर्थ काढणं चूक. प्रणाली आणि मशीन लर्निंगमध्ये सहसा पहिलं नाव मुख्य काम करणाऱ्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं. तिथेही ट्रान्सफॉर्मर या न्यूरल नेटवर्कच्या रचनेवरचा २०१७ चा पेपर पाहा: आठ लेखक, आणि तळटिपेत लिहिलंय की सर्वांचं योगदान समान आहे आणि क्रम यादृच्छिक आहे. तळटीप वाचायची सवय लावा.

स्वतः मोजायचं तर डेटा कुठून घेऊ?

डीबीएलपी आपली पूर्ण सूची कोणालाही उतरवून घेऊ देते. त्यात सायटेशनचे आकडे नसतात, पण नावं आणि सहलेखनासाठी ती सर्वांत भरवशाची. सायटेशनसाठी ओपनअ‍ॅलेक्स पाहा: मायक्रोसॉफ्ट अकॅडेमिक २०२१ अखेर बंद झालं, त्याची पोकळी भरायला जानेवारी २०२२ मध्ये हे सुरू झालं, आणि डेटा पूर्ण खुला आहे. सिमँटिक स्कॉलरही एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमने थेट डेटा मागवायची सोय, देतं. गूगल स्कॉलर अधिकृत एपीआय देत नाही, म्हणून तिथलं मोठ्या प्रमाणातलं काम हाताने करावं लागतं. जाळ्याच्या गणितासाठी पायथनमधलं नेटवर्कएक्स पुरेसं आहे.

कुठलाही स्रोत घ्या, पण स्वच्छ केलेली यादी आपल्याजवळ वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. सेवा बंद पडतात, नियम बदलतात. तुमच्या दोन दुपारी वाया जाता कामा नयेत.

समितीपुढे हे सगळं मांडायचं कसं?

२०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को बैठकीतून निघालेला डोरा जाहीरनामा आणि २०१५ चा लायडन जाहीरनामा, दोन्हींचा आग्रह असा की माणसाचा निवाडा आकड्यावरून करू नये, कामाचा आशय पाहावा. अनेक संस्थांनी यातल्या पहिल्यावर सह्या केल्या आहेत. तुमच्या संस्थेने केली आहे का, ते अर्ज भरण्याआधी पाहा.

मी अर्जदारांना एका पानात बसेल असं लिहायला सांगते. वरच्या ओळीत आकडे, स्रोत आणि तारखेसह, स्व-सायटेशन वगळून आणि धरून. त्याखाली आपले तीन पेपर, आणि प्रत्येकाखाली दोन-तीन वाक्यं: कोणी वापरला, कशासाठी वापरला, त्यांच्या पेपरातलं नेमकं वाक्य कोणतं. शेवटी सहलेखकांविषयी चार ओळी: कोणाबरोबर काम सुरू झालं, कोणता विद्यार्थी पुढे स्वतंत्रपणे लिहू लागला, कोणत्या पेपरात आपला वाटा कोणता. मघाशी सांगितलेल्या संशोधिकेने असंच पान लिहिलं. तिच्या एका पेपरला फक्त अकरा सायटेशन होती. त्यांपैकी चार पेपरांनी तिची पद्धत पूर्णच्या पूर्ण वापरली होती, आणि ते चारही लेखक तिला ओळखत नव्हते. हे तिने त्या पेपराखाली दोन वाक्यांत लिहिलं, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच पेपरवर आला.